जीएम आणि हायब्रीड एकच का? बायोटेकच्या पहिल्या वर्षाला कोणते शब्द आणि तंत्रं पक्की करावीत?

एकच नाहीत. जीएम म्हणजे बाहेरचं जनुक घातलेलं, हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर. हा घोळ एम.एस्सी. झालेली माणसंही घालतात, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. तुम्ही दिलेली यादी (रिस्ट्रिक्शन एन्झाइम, लायगेज, प्लास्मिड म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं कडं, पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं) कुठल्याही पुस्तकात सापडेल. एन्झाइम ही डीएनए कापणारी कात्री आणि लायगेज हा तो जोडणारा डिंक, ही उपमा मात्र एकदा वाचा आणि सोडून द्या. तिने मार्क मिळतात, डोक्यात काही शिरत नाही.

आता आमचे आतोबा. घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, कापसाची जमीन करजणकडे. गणपतीला सगळे जमलो की यांचं ठरलेलं व्याख्यान: बीटीचं (अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाचं) बी नपुंसक असतं, कंपनीने मुद्दाम तसं केलंय, घरची सरकी पेरली तर "ए तो ऊगे ज नहीं". मी बियाणं तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला, पण घरात शब्द त्यांचाच. एका वर्षी मी त्यांच्याच कापसाची सरकी जिनमधून (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातून) मागवली, शेणमातीत चोळली आणि गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावली. चांगली तरारून उगवली.

मग प्रथिन तपासणारी पट्टी लावली. कोवळ्या पानावर ट्यूबचं झाकण दाबलं की वाटोळा तुकडा आत पडतो. बफर घालून तो काडीने चेचायचा आणि त्यात पट्टी उभी करायची. पाणी वर चढतं. कंट्रोलची रेघ यायलाच हवी, नाहीतर पट्टीच खराब. दुसरी आली तर क्राय-वन-एसी हे बीटीचं अळीमारक प्रथिन पानात आहे. बहुतेक रोपांना दोन रेघा आल्या, काहींना एकच. उंचीतही मेळ नव्हता.

यात गूढ काही नाही, मेंडेल आहे. 2002 साली मंजूर झालेला आपल्याकडचा बीटी कापूस जीएमही होता आणि हायब्रीडही. बीटीचं जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेलं असलं तर पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक रोप त्याच्याविना निघतं. दरवर्षी बी विकत घ्यावं लागतं ते संकरामुळे. ते दुखणं सुरतेच्या संकर-4 या संकरित कापसापासूनचं, म्हणजे 1970 चं, तेव्हा बीटीचा पत्ताही नव्हता. पिकाचं बी पुन्हा उगवूच नये अशा टर्मिनेटर तंत्राचं पेटंट निघालं होतं हे खरं, पण तसं बी बाजारात कधी आलंच नाही. आतोबांना डबे दाखवले, तर म्हणतात, "गच्चीतलं वेगळं, शेतातलं वेगळं." घ्या!

तर तुमचा प्रश्न. व्याख्या घोकू नका, कुठलं तंत्र कशाचं उत्तर देतं ते बघा. जनुक आहे का? पीसीआर. प्रथिन तयार होतंय का? पट्टी किंवा एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन मोजणं). अळी मरते का? बायोअसे, म्हणजे तिला ते पान खाऊ घालून बघणं. तिन्ही उत्तरं जुळतीलच असं नाही. आपल्या गुजरातेतच काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी क्राय-वन-एसीला जुमानेना झाली. जनुक जागेवर, प्रथिन जागेवर, अळी खुशाल जिवंत. ट्रान्सफॉर्मेशन (पेशीत जनुक घालणं), टिशू कल्चर (पेशी प्रयोगशाळेत वाढवणं) आणि बॅकक्रॉस (संकराचा मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर) हे तीन शब्दही एकत्रच शिका. हे जनुक आधी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमार्फत कोकर 312 या अमेरिकन वाणात घातलं, कारण तो टिशू कल्चरमध्ये पेशीपासून पुन्हा अख्खं रोप देतो. तिथून ते इतर वाणांत नेलं ते साध्या बॅकक्रॉसने. जनुकात नेमक्या जागी फेरफार करणाऱ्या क्रिस्परचं प्रकरण निराळं आहे. त्यात परकं जनुक ठेवावंच लागतं असं नाही, त्यामुळे त्याला सरसकट जीएम म्हणू नका.

हे वाचून कुणी घरची सरकी पेरायला निघू नका. पीक एकसारखं येत नाही आणि ज्या झाडांत जनुक नाही ती अळीच्या तोंडी जातात. जून पानात प्रथिन कमी असतं, रेघ फिकी येते, तेव्हा एका पट्टीवर निकाल देऊ नका. आणि बियाण्याच्या पिशवीची किंमत बघून आतोबांना संताप येतो तो मला पटतो. फक्त तो जीवशास्त्रावर काढू नये, एवढंच मी त्यांना सांगत होतो.

हो, ईको-आर-वन हे रिस्ट्रिक्शन एन्झाइम डीएनएच्या जीएएटीटीसी या क्रमात जी आणि ए यांच्या मध्ये कापतं. तेवढं मात्र पाठच करा, तोंडी परीक्षेत विचारतात.