वाचकांचे प्रश्न : मार्चची मुदत आणि संघातील ज्येष्ठ

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे आम्ही काही मित्र उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीचे, म्हणजे एनएचएलचे सामने आवडीने पाहतो. 2025-26 च्या हंगामासाठी आम्ही आपापसांत संगणकावर एक लीग सुरू केली असून तिला एनएचएलचेच नियम लावले आहेत. माझा संघ तळाला आहे आणि प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीची, आशा संपल्यात जमा आहे. संघात तीन ज्येष्ठ आहेत. कर्णधार 34 वर्षांचा असून त्याचा करार या उन्हाळ्यात संपतो, आणि त्याच्या संमतीवाचून त्याला कोठेही पाठवता येत नाही. 31 वर्षांच्या बचावपटूचा वर्षाला 60 लाख डॉलरचा करार हा हंगाम धरून तीन वर्षांचा उरला आहे. गोलरक्षक 36 वर्षांचा आहे आणि त्याचाही करार यंदाच संपतो. मित्र म्हणतात, मार्चमध्ये सौद्यांची मुदत संपण्याआधी तिघांनाही विकून मोकळा हो. मी काय करावे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मित्रांचा सल्ला धडाडीचा वाटतो, परंतु तो तिघांनाही एकच न्याय लावतो आणि तिथेच चुकतो. (इथे विकणे म्हणजे दुसरा खेळाडू किंवा ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या तरुणांच्या वार्षिक वाटपातील, निवडीचा हक्क घेऊन आपला खेळाडू देणे.) मार्चची मुदत खऱ्या अर्थाने फक्त त्या खेळाडूंना लागू असते, ज्यांचा करार उन्हाळ्यात संपणार आहे. असे ज्येष्ठ 1 जुलैला मोकळे होतात, वाटेल त्या संघाशी करार करतात आणि जुन्या संघाच्या पदरात काहीही पडत नाही. ज्याचा करार पुढे चालू राहणार आहे, तो मात्र जूनमध्ये, ड्राफ्टच्या सुमारासही विकता येतो. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हे वेगळे समजावण्याची गरज नसावी : लाल कांदा काढला की बाजार समितीत न्यावाच लागतो आणि त्या दिवशी मिळेल तो भाव घ्यावा लागतो, तर उन्हाळ कांदा चाळीत ठेवून भावाची वाट पाहता येते. आपला कर्णधार आणि गोलरक्षक पहिल्या प्रकारात मोडतात, बचावपटू दुसऱ्या.

म्हणून बचावपटूला तूर्त हात लावू नये, असे माझे मत आहे. मार्चमध्ये खरेदीदार असतात ते प्लेऑफच्या शर्यतीतील संघ, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची वेतनमर्यादा, म्हणजे संघाच्या एकूण वेतनखर्चावरील लीगची मर्यादा, तोवर काठोकाठ भरलेली असते. जूनमध्ये सर्व 32 संघ बाजारात उतरतात आणि त्यांच्या हिशेबात जागाही मोकळी झालेली असते. शिवाय ही मर्यादा सध्या वेगाने वाढत आहे. 2024-25 मध्ये ती 8 कोटी 80 लाख डॉलर होती, 2025-26 साठी 9 कोटी 55 लाख झाली आणि 2027-28 साठी 11 कोटी 35 लाखांचा आकडा 2025 च्या जानेवारीतच जाहीर करण्यात आला होता. आपल्या बचावपटूचे 60 लाख आज मर्यादेच्या सव्वासहा टक्क्यांच्या आसपास आहेत. कराराच्या शेवटच्या वर्षी तेच सव्वापाच टक्क्यांवर येतील, म्हणजे तो काही न करता स्वस्त होत जाणार आहे. दुखापतीचा आणि वाढत्या वयाचा धोका अर्थातच राहतो, पण तेवढ्यासाठी घाईचा भाव स्वीकारण्याचे कारण नाही. याला अपवाद आहे. 2025 च्या मुदतीच्या दिवशी बॉस्टनने ब्रँडन कार्लो हा बचावपटू टोरंटोला दिला, तेव्हा त्याचा करार त्या हंगामानंतरही दोन वर्षांचा होता. परंतु बदल्यात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीची निवड आणि फ्रेझर मिंटन हा 20 वर्षांचा सेंटर, म्हणजे मधला आघाडीपटू, असे दोन्ही मिळाले. एवढी किंमत कोणी देऊ केली तर जूनची वाट पाहण्यात अर्थ नाही.

गोलरक्षकाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. शर्यतीतल्या संघाकडे बरा गोलरक्षक बहुधा असतोच, नसता तर तो संघ शर्यतीत कशाला असता! त्यामुळे गिऱ्हाईक एखाद-दुसरेच असते. शिकागोने 2022 मध्ये 37 वर्षांच्या मार्क-आंद्रे फ्लरीला मिनेसोटाकडे पाठवले. आदल्याच वर्षी त्याने सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना पुरस्कार जिंकला होता, आणि तरीही बदल्यात मिळाली ती दुसऱ्या फेरीची सशर्त निवड. मिनेसोटा बरेच पुढे गेले असते तर तिचे रूपांतर पहिल्या फेरीत होणार होते. ते पहिल्याच फेरीत बाद झाले. आपल्याला तिसऱ्या फेरीची निवड मिळाली तरी स्वीकारावी.

खरा प्रश्न कर्णधाराचा आहे, आणि इथे संघापेक्षा खेळाडूची बाजू जड असते. संमतीचे कलम करारात असेल तर लिलाव होत नाही. कर्णधार ज्या एक-दोन संघांची नावे घेईल त्यांच्याशीच बोलणे करावे लागते, आणि आपल्याला दुसरा पर्याय नाही हे त्या संघांनाही ठाऊक असते. कॅल्गरीचा कर्णधार जरोम इगिन्ला हे याचे सर्वात बोलके उदाहरण आहे. 2013 च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या व्यवस्थापनाला सौदा पक्का झाला असेच वाटत होते, परंतु इगिन्लाने पिट्सबर्ग निवडले, आणि कॅल्गरीला विद्यापीठ स्तरावर खेळणारे दोन तरुण व पहिल्या फेरीची एक निवड यांवर समाधान मानावे लागले. त्या तिघांपैकी एकही कॅल्गरीच्या संघात स्थिरावला नाही. त्याच वसंतात बॉस्टनने पिट्सबर्गला सलग चार सामन्यांत हरवून बाहेर काढले, हा भाग निराळा.

तरीही संमतीचे कलम म्हणजे पडता भाव, असा नियम करता येणार नाही. फिलाडेल्फियाचा कर्णधार क्लोद जिरू याने 2022 च्या मार्चमध्ये आपला 1000 वा सामना खेळल्यानंतर फ्लोरिडाला जाण्यास मान्यता दिली. त्याच्याकडेही पूर्ण नकाराधिकार होता, पण फिलाडेल्फियाला पहिल्या फेरीची निवड आणि ओवेन टिपेट हा तरुण आघाडीपटू मिळाला, जो पुढे त्या संघाचा आधार बनला. फ्लोरिडाला त्या वर्षी स्टॅनली चषकाची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, घाई होती आणि टिपेटला त्यांच्या आघाडीच्या फळीत जागा मिळत नव्हती. तेव्हा कर्णधाराशी बोलताना कोणता संघ आवडतो एवढेच विचारून थांबू नये. ज्या संघांकडे असा अडकून पडलेला विशीतला खेळाडू आहे, ती नावे आपणच त्याच्यापुढे ठेवावीत. बोलणेही मुदतीच्या आठवड्यात नव्हे, जानेवारीतच सुरू करावे.

मोबदल्यात काय मागावे, याबाबत माझे मत थोडे टोकाचे आहे. चषकाच्या शर्यतीतील संघाची पहिल्या फेरीची निवड कागदावर मोठी दिसते, पण तो संघ वर असल्यामुळे ती निवड पंचविसाव्या ते बत्तिसाव्या क्रमांकाच्या दरम्यान येते, आणि तिथून निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा संघात यायला तीन-चार वर्षे लागतात, आला तर. ड्राफ्ट होऊन दोन-तीन वर्षे झालेला, कसा घडतो आहे हे दिसू लागलेला तरुण मला केव्हाही अधिक मोलाचा वाटतो. डिसेंबर 1995 मध्ये करारावरून बिनसलेल्या जो न्यूवेंडाइकला कॅल्गरीने डॅलसकडे पाठवले, तेव्हा आलेल्यांत कनिष्ठ हॉकी खेळणारा अठरा वर्षांचा एक मुलगा होता. तोच हा इगिन्ला. न्यूवेंडाइकनेही 1999 मध्ये डॅलसला स्टॅनली चषक जिंकून देताना प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, म्हणजे त्या सौद्यात कोणाचेच नुकसान झाले नाही.

मोबदला वाढवण्याचे एक साधन आपल्या हाती आहे. विकणारा संघ खेळाडूच्या वेतनाचा निम्म्यापर्यंतचा भार स्वतःकडे ठेवू शकतो. मात्र एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात. खरेदीदाराची मर्यादा भरलेली असल्यामुळे निम्म्या भावात मिळणारा कर्णधार त्याला अधिक किमतीचा वाटतो. 2023 मध्ये सेंट लुईसने रायन ओ'रायलीला टोरंटोकडे पाठवताना निम्मा भार स्वतः उचलला, मिनेसोटाने मधल्या मध्ये आणखी पाव भाग घेतला आणि तेवढ्याबद्दल चौथ्या फेरीची निवड पटकावली. आता नियम कडक झाले आहेत. एकाच करारावर दुसऱ्यांदा भार वाटून घ्यायचा तर नियमित हंगामाचे 75 दिवस मध्ये जावे लागतात, त्यामुळे ऐन मुदतीला तिसरा संघ गाठण्याची युक्ती चालत नाही. आपला संघ तळाला आहे आणि दोघांचे करार यंदाच संपत आहेत, म्हणजे हा भार फक्त हंगामाच्या उरलेल्या आठवड्यांचा. तो कर्णधार आणि गोलरक्षक या दोघांवरही घ्यावा. तिसरी जागा जूनसाठी राखून ठेवावी, बचावपटूच्या वेळी ती लागू शकते.

प्रश्न : माझी मुलगी टोरंटोजवळ राहते आणि तिच्यामुळे मलाही या खेळाची गोडी लागली. पंधरा-वीस वर्षे एकाच संघासाठी झिजलेल्या कर्णधाराला शेवटी विकून टाकणे मला कृतघ्नपणाचे वाटते. तळाच्या संघानेही ज्येष्ठांना न विकणे कधी शहाणपणाचे ठरले आहे का?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : आपली हळहळ समजण्यासारखी आहे, पण अनेकदा खेळाडूलाच जायचे असते. रे बोर्क 1979 पासून बॉस्टनकडून खेळत होता आणि चषक त्याच्या वाट्याला आला नव्हता. 2000 साली संघ घसरल्यावर त्याने स्वतःच बदली मागितली आणि 6 मार्चला तो कोलोरॅडोकडे गेला. पुढच्या वर्षी कोलोरॅडोने चषक जिंकला, तेव्हा कर्णधार जो सॅकिकने, प्रथेप्रमाणे आधी स्वतः न उंचावता, तो थेट बोर्कच्या हाती दिला. 2025 मध्ये बॉस्टननेच 36 वर्षांचा कर्णधार ब्रॅड मार्शांड याला नव्या करारावर एकमत न झाल्याने फ्लोरिडाला दिले, आणि तीन महिन्यांत तोही चषक विजेता झाला. त्या सौद्यात मिळालेली दुसऱ्या फेरीची निवड, फ्लोरिडा पुढे गेल्यामुळे, अटीनुसार पहिल्या फेरीची झाली. म्हणजे जुन्या कर्णधाराच्या यशातच बॉस्टनचाही फायदा होता.

न विकण्याची उदाहरणे दोन्ही प्रकारची आहेत. न्यूयॉर्क आयलंडर्सनी 2018 च्या मुदतीला, करार संपत आलेला कर्णधार जॉन टव्हारेस याला ठेवून घेतले; 1 जुलैला त्याने टोरंटोशी सात वर्षांचा करार केला आणि आयलंडर्सना काहीही मिळाले नाही. कोलंबसचे पुढच्या वर्षीचे प्रकरण मला अधिक विचार करायला लावते. तो संघ तळाला नव्हता, शर्यतीत होता. पनारिन आणि बॉब्रोव्हस्की हे त्याचे दोन्ही प्रमुख खेळाडू उन्हाळ्यात जाणार हे जवळजवळ उघड होते, आणि तरीही व्यवस्थापनाने त्यांना न विकता उलट मॅट डुशेन या आघाडीपटूला विकत घेतले. त्या वसंतात कोलंबसने नियमित हंगामात 62 सामने जिंकलेल्या टॅम्पा बेला पहिल्याच फेरीत 4-0 असे धुऊन काढले. संघाच्या इतिहासातील तो पहिला मालिका विजय होता. जुलैत तिघेही गेले. तेथील प्रेक्षकांना विचारले तर बहुतेक जण तो व्यवहार परवडला असेच म्हणतील, असे मला वाटते, परंतु पुढच्या काही वर्षांत त्या संघाची जी पडझड झाली तीही त्याच हिशेबात धरायला हवी.

तळाच्या संघापुरते बोलायचे तर सेंट लुईसकडे पाहावे. 3 जानेवारी 2019 रोजी तो संघ संपूर्ण लीगमध्ये शेवटचा होता आणि ज्येष्ठांना विकण्याची चर्चा जोरात होती. व्यवस्थापन थांबले, जॉर्डन बिनिंग्टन या नव्या गोलरक्षकाने डाव फिरवला आणि जूनमध्ये त्यांनी स्टॅनली चषक जिंकला. प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला रायन ओ'रायली, ज्याला याच संघाने 2023 मध्ये विकले. दोन्ही वेळा त्यांचे बरोबर होते, असे मी म्हणेन. 2019 मध्ये निम्म्याहून अधिक हंगाम बाकी होता आणि ओ'रायलीच्या कराराची आणखी चार वर्षे उरली होती. 2023 च्या फेब्रुवारीत हंगाम हातचा गेला होता आणि करार काही महिन्यांत संपणार होता. कृतज्ञता दाखवायची ती विकावे की नाही यात नव्हे, तर कोठे पाठवायचे हे ठरवताना दाखवावी, आणि ती दाखवणारे व्यवस्थापक कमीच असतात.

प्रश्न : हरायचेच आहे तर मुद्दाम शेवटचे येऊन ड्राफ्टमधील पहिली निवड का मिळवू नये? ज्येष्ठांना विकले की संघ आपोआप हरेल.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : कारण शेवटच्या क्रमांकाला पहिली निवड बहाल केली जात नाही, सोडत काढली जाते. शेवटच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता सध्याच्या नियमांनुसार 25.5 टक्के आहे; तो तिसऱ्या क्रमांकाच्या खाली मात्र जात नाही. 2023 मध्ये अनाहाइम शेवटचे होते, पण त्या वर्षीची पहिली निवड ठरलेला कॉनर बेडार्ड मिळाला तळापासून तिसऱ्या असलेल्या शिकागोला. तेव्हा ज्येष्ठांना विकावे ते मोबदल्यासाठी. पराभवातून मिळणारे दान हिशेबात धरू नये.

प्रश्न : ही मुदत आपल्याकडच्या वेळेनुसार केव्हा संपते?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अलीकडच्या वर्षांत ती मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातील एका शुक्रवारी, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी तीनला संपली आहे, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारची मध्यरात्र उलटल्यावर दीड वाजता, शनिवार लागल्यावर. त्यानंतरही सौदे करता येतात, पण त्यांतून आलेल्या खेळाडूला त्या हंगामात नव्या संघाकडून उतरता येत नाही. दीड वाजता लगेच झोपू नये, कारण मुदतीआधी लीगच्या कार्यालयात नोंदवलेल्या सौद्यांची पडताळणी चालू असते आणि त्यांतील काहींची बातमी मुदत उलटून गेल्यावर बाहेर येते.