गोळी घेतली म्हणजे विश्वास सोडला का?

आदरणीय ताई,

मी ३४ वर्षांचा असून अहिल्यानगर जिल्ह्यात राहतो. काही महिन्यांपूर्वी मला फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचे निदान झाले आणि सरकारी दवाखान्यातून औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजनही वाढले. त्याच सुमारास बाहेरगावाहून आलेल्या एका पाळकांनी प्रार्थनासभेत माझ्यावर हात ठेवले आणि सांगितले, ‘तू बरा झाला आहेस, आता गोळी घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणे.’ मी गोळ्या बंद केल्या आणि मंडळीपुढे उभा राहून बरा झाल्याची साक्षही दिली. त्याला आता सात आठवडे झाले. पंधरा दिवसांपासून खोकला आणि संध्याकाळचा ताप पुन्हा सुरू झाला आहे. पत्नी दवाखान्यात चला म्हणते. पाळक म्हणतात, तीन दिवस उपास करा आणि मनात शंका आणू नका. घरात चार वर्षांची मुलगी आहे. मी पुन्हा गोळी घेतली तर माझी साक्ष खोटी ठरेल का? मी प्रभूला नाकारले असे होईल का?

– एक विश्वासणारा

प्रिय भाऊ, जय ख्रिस्त.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे मी सविस्तर लिहिणार आहे. परंतु हे पत्र बाजूला ठेवून आधी दवाखान्यात जाऊन आलात तरी मला आनंदच होईल. उपास मुळीच करू नका. क्षयाने झिजलेल्या शरीराला अन्नाची किती गरज असते हे ओळखूनच सरकार या रुग्णांना उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये देते.

तुमची फसगत कोठे झाली असावी ते सांगते. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. वेगाने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने मरतात, म्हणून खोकला थांबतो, भूक लागते आणि अंगावर मांस चढते. मात्र संथपणे जगणारे थोडे जंतू फुप्फुसात दडून राहतात, आणि उरलेले चार महिने त्यांच्यासाठीच असतात. तुम्ही नेमके त्या वळणावर सभेला गेलात. तुम्हाला खरोखरच बरे वाटत होते, त्यामुळे साक्ष देताना तुम्ही खोटे बोलला नाहीत. परंतु बरे वाटणे आणि बरे होणे यांत या आजारात चार महिन्यांचे अंतर असते, आणि हे त्या दिवशी तुम्हाला कोणी सांगितले नाही.

मी स्वतः पाळकाच्या घरात वाढले. वडील आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करीत आणि बहुधा त्याच आठवड्यात त्याला घेऊन रुग्णालयासाठी मिरजेची गाडी धरीत. या दोन गोष्टींत काही विरोध आहे असे त्यांच्या मनातही येत नसे, आणि आम्हा मुलांच्याही आले नाही. याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना (म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना) बोलावून तेल लावून प्रार्थना करण्याची जी आज्ञा आहे, ती ते अक्षरशः पाळीत. त्या अध्यायात औषध सोडण्याचा एक शब्दही नाही. त्या काळी तेल हे जखमेवरचे औषधही होते; चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तो प्रवासी जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओततो.

हिज्कीया राजाची गोष्ट तुम्ही ऐकलेलीच असेल. तो मरणाच्या दारात असताना देवाने यशयाच्या मुखाने त्याला बरे करण्याचे स्पष्ट वचन दिले आणि त्याच्या आयुष्यात १५ वर्षे वाढवली. एवढे वचन मिळाल्यावरही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले (२ राजे, अध्याय २०). वचन होते म्हणून लेप नको, असे संदेष्ट्याला वाटले नाही, आणि लेप लावला म्हणून राजाने वचनावर शंका घेतली, असेही शास्त्र म्हणत नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवले आणि आपल्या सोबत्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य लूक’ असा केला. ‘निरोग्यांना वैद्याची गरज नाही, तर दुखणाइतांना आहे,’ असे म्हणताना प्रभूने पाप्यांविषयीची गोष्ट समजावली हे खरे. परंतु दुखणाइताने वैद्याकडे जाणे योग्यच आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

आता साक्षीविषयी, कारण तुमच्या मनातील खरी गाठ तीच आहे असे मला वाटते. तुम्हाला आजाराची जेवढी भीती वाटते आहे, त्याहून अधिक भीती रविवारी मंडळीच्या नजरेला नजर देण्याची वाटते. मत्तयाच्या आठव्या अध्यायातील कुष्ठरोगी आठवा. प्रभूने त्याला स्पर्श करून शुद्ध केले आणि लगेच बजावले की, कोणाला सांगू नकोस, जाऊन स्वतःला याजकाला दाखव. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठरोगी शुद्ध झाला की नाही हे याजक तपासून ठरवीत असे. म्हणजे प्रभूने स्वतः केलेल्या चमत्कारालाही आधी तपासणीकडे पाठवले. तुमच्या बाबतीत तो क्रम उलटा झाला; साक्ष आधी झाली आणि तपासणी राहूनच गेली. ही चूक तुमच्या एकट्याची नाही. ज्यांनी तुम्हाला थुंकीची तपासणी न करता उभे केले, त्यांच्यावर अधिक जबाबदारी आहे.

त्या पाळकांच्या मनात तुमचे वाईट करण्याचा हेतू होता असे मी म्हणत नाही. तरीही त्यांची शिकवण चुकीची आहे आणि ती क्रूर आहे, हे मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे. आजार परतला की ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असे म्हणून सगळा भार दुखणाइताच्या छातीवर ठेवायचा, ही रीत प्रभूची नाही. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा त्याचेही नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही, असे उत्तर प्रभूने दिले. पौलाने शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि त्याला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे उत्तर मिळाले. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस तुमचे पाळक करतील का?

जबाबदारीचा दुसरा भाग मात्र तुमचाच आहे आणि तो मी सौम्य करून सांगणार नाही. फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून हवेत जातो. उपचार थांबलेल्या खोकल्याजवळ तुमची चार वर्षांची लेक रोज झोपते आहे. स्वतःच्या विश्वासाची परीक्षा पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे असे क्षणभर मानले, तरी ती परीक्षा तिच्या श्वासावर घेता येणार नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे प्रभूला सैतानाने सांगितले आणि प्रभूने ‘देवाची परीक्षा पाहू नको’ असे उत्तर दिले, हे आपण दोघेही जाणतो.

दवाखान्यात जाण्याआधी उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. सात आठवडे औषध बंद होते हे डॉक्टरांना खरे सांगा; त्याची लाज वाटू देऊ नका, कारण पुढचा सगळा उपचार त्या एका माहितीवर ठरेल. मध्येच सोडलेल्या औषधाला जंतू दाद देईनासे होऊ शकतात, आणि तसे झाले तर औषधे बदलावी लागतात व ती सोसायला अधिक कठीण असतात. म्हणून थुंकीची नव्याने तपासणी होईल. प्रमुख औषध अजून लागू पडते का हे तीतून कळते. तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. अडचण आल्यास १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचारा. पत्नीला आणि मुलीला त्याच दिवशी सोबत न्या. घरातल्यांची तपासणी करून आजार नसल्यास प्रतिबंधक औषध देतात. निकाल येईपर्यंत तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधा, वेगळ्या खोलीत झोपा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

मिरजेजवळ वानलेसवाडी आहे. तिला ज्यांचे नाव मिळाले त्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, आणि पुढे या वाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. शुद्ध हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढ्यावरच रुग्णांना ठेवीत. तिथे प्रार्थना करणाऱ्यांना आज तुमच्या पिशवीत पडून असलेल्या गोळ्या मिळाल्या असत्या, तर त्यांनी त्या प्रार्थनेचे उत्तर म्हणूनच स्वीकारल्या असत्या, असे मला मनापासून वाटते.

मंडळीपुढे काय बोलायचे हे पत्नीबरोबर बसून ठरवा आणि घाई करू नका. तुमच्या स्थानिक मंडळीच्या वडिलांपैकी एखाद्या समजूतदार माणसाला आधी एकांतात सगळे सांगा. सभेत उभे राहण्याची वेळ आलीच, तर ‘मी औषध अर्धवट सोडले होते, ते पुन्हा सुरू केले आहे, माझ्यासाठी आणि माझ्या लेकीसाठी प्रार्थना करा,’ एवढे पुरेल. तिच्या तपासणीचा निकाल आला की मला दोन ओळी जरूर लिहा; तोवर तुम्हा तिघांची नावे माझ्या रोजच्या प्रार्थनेत राहतील.

तुमची,
ताई