डबलिंग वेगात वाजवताना गिचमिड होते. बॅगपाइपसाठी बोटांचा सराव कसा करावा?

सहा महिने प्रॅक्टिस चँटरवर (तोंडाने फुंकायची, पिशवी नसलेली सरावाची नळी) घासूनही वेग वाढवला की डबलिंग (एकाच स्वराला झटकन जोडलेले दोन आखूड सजावटीचे स्वर) चिकटतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दोष बहुधा डबलिंगच्या आधीच्या साध्या स्वरबदलात असतो.

पाइपवर हवा पिशवीतून अखंड येते, जिभेने स्वर तोडता येत नाही. प्रॅक्टिस चँटरवर तोडता येतो, म्हणून तुम्ही नकळत तसं करत असाल तर ते आजच बंद करा. आवाज तुटत नसल्यामुळे एखादं बोट जरा मागे राहिलं तरी मधला नको असलेला स्वर ऐकू येतोच.

'डी'वरून 'ई'वर जाऊन बघा. 'डी'ला खालच्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उघडी, करंगळी बंद. 'ई'ला ती तिन्ही बंद, करंगळी वर आणि वरच्या हाताची अनामिकाही वर. एका क्षणात पाच बोटं! वरची अनामिका उशिरा उठली की मधे 'लो ए' (खालचा 'ए') टुक् करून जातो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा, प्रत्येक स्वर चार ठोके धरा आणि पाचव्या ठोक्यावर बदला. थांबायचं निवांत, पण बदल झटकन. बोटं सावकाश सरकवली तर सराव त्या टुक्-चाच होतो. वीस वेळा स्वच्छ आला तरच मेट्रोनोम चार-पाच अंकांनी वाढवा. 'बी' ते 'सी' हाही असाच घ्या. तिथे करंगळी बंद करायची राहून जाते.

आता डबलिंग. 'बी'चं घेऊ: वरच्या तर्जनीने 'जी' ग्रेसनोट (क्षणभर वाजणारा सजावटीचा स्वर), 'बी', खालच्या तर्जनीने 'डी' ग्रेसनोट, पुन्हा 'बी'. दोन ग्रेसनोटांमधला 'बी' गिळला जातो आणि गिचमिड तिथेच होते. हळू वाजवतानाही ग्रेसनोट आखूडच हवी, तो मधला 'बी' मात्र भरपूर ताणा. वेग वाढवताना आखडायचा तो फक्त 'बी'. ग्रेसनोट लांबवून सराव केला की बोट जड होतं, ती खोड मग सुटता सुटत नाही.

ग्रिप आणि टॉर्लुआ या सजावटींमध्ये मात्र 'लो जी' (सगळी छिद्रं बंद असतानाचा सर्वांत खालचा स्वर) ताणायचा असतो. टॉर्लुआ म्हणजे 'लो जी', 'डी' ग्रेसनोट, 'लो जी', 'ई' ग्रेसनोट, 'लो ए': यातला दुसरा 'लो जी' कानाला पहिल्याइतकाच लांब लागला पाहिजे. बहुतेकांचा अर्धाच वाजतो, कारण 'डी' ग्रेसनोटनंतर खालच्या तर्जनीने छिद्र नीट झाकायच्या आतच 'ई' ग्रेसनोट येऊन जाते.

हाताबद्दल थोडक्यात: बोटं सरळ ठेवा, टोकांनी छिद्रं झाकू नका. खालच्या हाताची पहिली तीन बोटं मधल्या पेराने झाकतात, करंगळी टोकाकडच्या मऊ भागाने. सरावानंतर बोटांवर खोल गोल वळ दिसले तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबताय, आणि दाबलेलं बोट उशिरा उठतं.

रोज धून वाजवण्याआधी पंधरा मिनिटं पुरेत: पाच मिनिटं स्वरबदल, दहा मिनिटं एकच डबलिंग. फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐका. वाजवताना कान माफ करतो, रेकॉर्डिंग करत नाही. पाइपच्या चँटरवर छिद्रं मोठी असतात आणि साध्या प्रॅक्टिस चँटरपेक्षा लांबलांब, त्यामुळे तिथे गेल्यावर पुन्हा ६० पासून सुरुवात करा.