पियानो-गिटार नसलेलं जॅझ त्रिकूट रिकामं वाटत नाही का?

तुमचा प्रश्न असा की नुसता सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स असतील तर वाजवणाऱ्याला ‘स्वातंत्र्य’ म्हणजे नेमकं काय मिळतं, आणि ऐकताना रिकामं वाटत नाही का. मी नागपुरात जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात टेनर सॅक्सोफोन वाजवतो आणि सवड मिळेल तेव्हा दोन मित्रांसोबत असं त्रिकूट जमवतो, म्हणून लिहितोय.

ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्यानं सी मेजर कॉर्ड (सी हा सा धरून सा-ग-प एकत्र) धरली की गंधार शुद्ध, विषय संपला. मी कोमल लावला तर त्याच्याशी भांडण. (ब्लूजमध्ये हे भांडणच हवं असतं, ते सोडा.) कीबोर्ड नसला की बास खाली फक्त सी देतो आणि गंधार माझ्याकडे येतो. शुद्ध लावला तर मेजर, कोमल लावला तर मायनर, लावलाच नाही तर ऐकणारा ताटकळतो. तानपुऱ्यावर गाणाऱ्यांना यात नवं काही नाही, फक्त इथं खालचा सूर सारखा सरकत असतो. आणि गाण्याचा ३२ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा खंड) सांगाडा काही सुटत नाही, तो डोक्यात चालूच ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. आमच्या मे महिन्यात सॅक्सोफोनचा सूर चढतो. कीबोर्ड जागचा हलत नाही, माउथपीस (तोंडात धरायचा भाग) थोडा बाहेर ओढून मलाच खाली यावं लागतं. आमचा बासवाला फ्रेटलेस, म्हणजे दांडीवर पट्ट्या नसलेला बास वाजवतो, तो बोट केसभर सरकवून माझ्याकडे येतो.

रिकामं? वाजवणारा कच्चा असेल तर हो, फार. श्वासाला थांबलात की झाकून घ्यायला कुणी नाही.

ऐकायचं तर अमेरिकी टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सपासून सुरू करा. त्याचा ‘वे आउट वेस्ट’ हा अल्बम १९५७ च्या मार्चमध्ये पहाटे तीनला रेकॉर्ड झाला, कारण बासवाला रे ब्राउन आणि ड्रमर शेली मॅन यांना दुसरी वेळच नव्हती. पहिल्याच गाण्यात मॅन लाकडी ठोकळ्यावर घोड्याच्या टापा वाजवतो. त्यावर रॉलिन्स किती कमी सूर लावतो ते बघा. त्याच नोव्हेंबरमधलं व्हिलेज व्हॅनगार्ड या न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबातलं रॉलिन्सचं ध्वनिमुद्रण अगदी उलट: एल्विन जोन्सचे ड्रम्स एवढे दाट की पियानोला जागाच उरली नसती. मला हेच जास्त आवडतं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बास गायब होतो.