फोटो छापला, तरी फोन का येतात?

प्रश्न : आमचं ठिबकचं दुकान आहे. पाण्यातला गाळ अडवणारा डिस्क फिल्टर कसा धुवायचा याचं एक पत्रक आम्ही गिऱ्हाइकांना देतो. वर फिल्टरचा रंगीत फोटो, खाली दहा ओळी मजकूर. तरी ‘धुतल्यापासून झाकणातून पाणी गळतंय’ असे फोन येतातच. आणखी फोटो टाकावेत का?
– एक दुकानदार, सांगोला

उत्तर : आहे तोच फोटो आधी काढा. त्यात फिल्टर दिसतो, पण गळती जिच्यामुळे होते ती रबरी रिंग झाकणाखाली दडलेली असते. त्यातून काळा फिल्टर, काळी रिंग. झेरॉक्स मारली की सगळा एकच डाग.

इथे रेषाचित्र हवं. झाकण, रिंग, चकत्यांचा संच आणि खालचं भांडं हे सगळं सुटं करून एकाखाली एक काढा, मधून एक तुटक उभी रेषा. कशावर काय बसतं ते न वाचताच कळतं. मग फक्त रिंगेची दोन मोठी चित्रं शेजारी शेजारी : एकीत ती खाचेत सपाट बसलेली, दुसरीत पीळ पडून एका बाजूला वर आलेली. चुकीच्या चित्रावर फुली मारायची ती चित्राच्या अंगावर, ठळक. कोपऱ्यातली बारीक फुली नजरेतून सुटते आणि माणूस नेमकं तेच चित्र बघून रिंग बसवतो.

सुरुवात मात्र झाकणापासून नको, दाबमापकापासून करा. दोन तबकड्या काढा : फिल्टरच्या आधी काटा १.८ वर, नंतर १.२ वर. दाबातला फरक ०.५ किलोच्या (दर चौरस सेंमीला) वर गेला, म्हणजे धुवायची वेळ झाली. पुढच्या चित्रात पंप बंद आणि दोन्ही काटे शून्यावर. क्लॅम्प, म्हणजे झाकण आवळून धरणारी पकड, सोडणारा हात त्याच्या नंतरच्या चित्रात, आधी अजिबात नाही. दाब असताना क्लॅम्प सोडला तर झाकण उडतं. एका चित्रात एकच कृती. ‘चकत्या सैल करून धुवा’ आणि ‘परत आवळा’ ही दोन चित्रं आहेत, कारण आवळायचं राहिलं की फटीतून रेती थेट लॅटरलमध्ये, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या बारीक नळीत, जाते.

भागांना १, २, ३ आकडे देऊन खाली यादी देऊ नका. पाच-सहाच भाग आहेत, नावं जागच्या जागी लिहा, आणि तीही गिऱ्हाईक काउंटरवर म्हणतं ती. नावाकडून भागाकडे जाणारी रेघ साधी ठेवा. बाण दोनच कामांसाठी : हाताच्या हालचालीला जाड, पाण्याच्या दिशेला बारीक. रेघेलाही बाणाचं टोक दिलंत तर तिकडे काहीतरी ढकलायचं आहे असं वाटतं.

ए-४ वर काढून ए-५ वर छापणार असाल तर सगळं ७१ टक्क्यांवर येतं. ०.२५ मिमीची रेघ ०.१८ मिमीची होते आणि साध्या झेरॉक्सवर तुटते. म्हणून बाहेरची कड ०.७, आतल्या रेघा ०.३५ ठेवा. अक्षरं मूळ चित्रात किमान १२ पॉइंटची. त्याहून लहान घेतली की ‘क्लॅम्प’सारखी जोडाक्षरं शाईने भरतात.

छपाईआधी एक प्रत, ज्याने फिल्टर कधी उघडला नाही अशा कुणाच्या तरी हातात द्या आणि गप्प उभे राहा. (हे भलतंच जड जातं.) त्याचा हात जिथे थांबेल ते चित्र बदला.

प्रश्न : मोबाइलवर स्वच्छ दिसणारा फोटो छापून आला की धूसर का दिसतो?

उत्तर : छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. फोटो १,२०० पिक्सेल रुंद असेल तर तो चार इंच, म्हणजे साधारण १० सेंमी, एवढाच नीट छापला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की पिक्सेल कमी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. संगणकावर ताणून मोठा केल्याने नवा तपशील येत नाही. रेषाचित्र असेल तर प्रेसला जेपीजी न देता थेट व्हेक्टर पीडीएफ (ठिपक्यांऐवजी रेषा म्हणूनच साठवलेली फाइल) द्या, म्हणजे ते कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत.