वाचक विचारतात: कृषी सेवा केंद्राच्या पिकअपवर कामाला लागू का?

प्रश्न: काका, मी भोकरदन तालुक्यातला, वय २३. इथल्या एका कृषी सेवा केंद्रात पिकअप चालवायचं काम मिळतंय, गावोगाव खत, बियाणं, फवारणीचं औषध पोचवायचं. मालक म्हणतो गोण्या पण तूच उतरवायच्या, आणि पावसाळ्यात औषधाचे बॉक्स केबिनमध्ये ठेवायचे म्हणजे भिजत नाहीत. माझ्याकडं साधं फोरव्हीलरचं लायसन आहे, बॅज म्हणजे मालवाहू गाडीची वेगळी नोंद नाही. दिवस कसा असतो, आणि काम धरू का?

उत्तर: काम धर, पण गोण्यांचं आणि औषधाच्या बॉक्सचं आधी बोलून घे. मालक तिथंच अडून बसला तर दुसरीकडं बघ, मी हेच काम करून बसलोय म्हणून एवढं ठासून सांगतोय.

दिवस म्हणशील तर सीझनवर आहे. मृगाचा पाऊस चांगला पडला की सगळ्यांना एकाच दिवशी बियाणं पाहिजे, डीएपी, १०:२६:२६ असली खतं पाहिजेत, आणि सगळ्यांचे फोन तुला. पुढं पिकं उगवून आली की युरिया, मग फवारणी सुरू झाली की गोण्या कमी आणि बॉक्स जास्त. उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या नाहीतर नुसतं बसून. सकाळी गोडाऊनवर गाडी लावायची, बिलं हातात घ्यायची आणि कुठल्या गावाला आधी जायचं ते तू ठरवायचं, मालकानं नाही. कारण आधी राजूरला जायचं आणि राजूरकडचा माल खाली, पिंपळगाव रेणुकाईचा वर असं भरलं तर अर्धी गाडी दोनदा उपसावी लागते.

आता वजन. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, डीएपीची ५० चीच आहे. तुझी पिकअप १.७ टनाची असेल तर युरियाच्या ३७ गोण्यांत ती भरली, तरी ५०-६० भरायला सांगतील, सगळेच भरतात म्हणतील. जास्तीच्या गोण्या मागं फळक्याकडं चढतात, मग पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग धरल्यासारखं वाटत नाही, आणि उतारावर ब्रेक लवकर धरत नाही. दंडाचं पण बघ, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहेत, ते कोण भरणार हे आजच विचार.

आणि उतरवायचं म्हणशील तर ३७ गोण्या एकट्यानं उतरवणं म्हणजे दीड टनाच्या वर माल एका पाठीवर, तो पण रोज, आणि नंतर पुन्हा गाडी चालवायची. हमाल सोबत मागून घे, किंवा शेतकऱ्याची दोन माणसं उभी राहतील असं बिल करतानाच ठरू दे. काळ्या रानात पाऊस झाला की पांदणीत गाडी घालूच नको, डांबरीवर माल उतरव, पुढं बैलगाडी ट्रॅक्टर त्यांचं. गोण्या मोजून दे, सही घे, मोबाईलमध्ये फोटो काढ.

बिलाचं एक अजून. अनुदानाचं खत आधार आणि अंगठा लावून दुकानातल्या पॉस (विक्रीच्या) मशीनवर विकायचं असतं. मालक म्हणाला ने आता, अंगठा नंतर घेऊ, तर नेऊ नको. युरिया दुसरीकडं कारखान्यात वळतो म्हणून तपासणी असते, खत जीवनावश्यक वस्तू कायद्यात येतं, आणि रस्त्यात गाडी अडवली की पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारतात.

औषधाचं मात्र अजिबात ऐकू नको. बंद काचेच्या केबिनमध्ये लाल त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची बाटली गळाली तर तो वास तू दिवसभर ओढणार. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण सगळ्यांनी बघितलंय, ती माणसं तर मोकळ्या हवेत होती रे. बॉक्स हौद्यात, उभे, बाटलीचं तोंड वर, पुढच्या कोपऱ्यात दोरीनं बांधून, वर ताडपत्री. ताडपत्री मालकाकडून नवी घे, फाटकी नको. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये आहे की औषध खाण्याच्या वस्तूला आणि जनावराच्या चाऱ्याला लागेल असं न्यायचं नाही, म्हणजे सरकी पेंडीच्या पोत्यावर औषधाचा बॉक्स चालत नाही. परतीचं भाडं म्हणून मिरची नाहीतर मका भरायला कुणी बोलावलं तर आधी हौदा बघ, काही सांडलेलं असेल तर सरळ नाही म्हण. कपाशीच्या पाकिटांजवळ टू-फोर-डी तणनाशक पण ठेवू नको, कपाशी त्याला फार नाजूक असते, सांडलं तर शेतकऱ्याचं वर्ष जातं आणि बियाणं बोगस निघालं म्हणून भांडण वेगळंच लागतं.

गळालंच तर पाणी मारून ओढ्याकडं सोडू नको, कोरडी माती टाक, हातमोजे घालून गोळा कर, दुकानाला कळव. अंगावर पडलं तर कपडे काढून साबणानं अंग धू. मळमळ, चक्कर, घाम काही वाटलं तर गाडी बाजूला लावून १०८ ला फोन कर, आणि बाटली किंवा लेबलचा फोटो डॉक्टरला दाखव, उतारा त्यावर छापलेला असतो.

लायसनची काळजी सोड. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन चालतं, वेगळी नोंद लागत नाही, पिकअप त्यात आरामात बसते. पण गाडीचा इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी चालू आहे का ते स्वतः डोळ्यानं बघ, आणि पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचं कव्हर घेतलंय का ते विचार. नसेल तर पहिल्या पगाराच्या आधी घ्यायला लाव.