‘काळच तसा होता’ म्हणून भागेल का?

प्रश्न : मुलगी बी.ए.ला राज्यशास्त्र घेऊन शिकते आहे. लॉक, रूसो वाचताना ती चिडली. “स्वातंत्र्याच्या गोष्टी करायच्या आणि गुलामांच्या व्यापारात पैसे गुंतवायचे, बायकांना कमी लेखायचं, असल्यांना कशाला वाचायचं?” असं विचारते. ‘काळच तसा होता’ हे माझं उत्तर तिला पटलं नाही. तुम्ही काय सांगाल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीचा राग रास्त आहे. तो तिने सोडू नये.

इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या राज्यसत्तेवरच्या १६८९ च्या ग्रंथाची सुरुवातच गुलामगिरी ही किती नीच, केविलवाणी अवस्था आहे इथून होते. त्याच लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर घेतले होते. अमेरिकेतल्या कॅरोलायना या इंग्रज वसाहतीची १६६९ ची राज्यघटना तयार झाली तेव्हा तो वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता, आणि त्या राज्यघटनेने प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या काळ्या गुलामांवर संपूर्ण सत्ता दिली. फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसोची तर दोन पुस्तकं एकाच वर्षातली, १७६२ ची. एकात, म्हणजे ‘सोशल कॉन्ट्रॅक्ट’मध्ये, माणूस जन्मतः स्वतंत्र आहे असं तो म्हणतो. दुसऱ्यात, म्हणजे ‘एमिल’मध्ये, मुलींचं शिक्षण पुरुषांना आवडावं, त्यांच्या उपयोगी पडावं अशा बेताने आखतो.

मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा ‘काळच तसा होता’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास असायचं. मला ते कधीच मान्य झालं नाही, कारण काँदॉर्सेही ज्ञानोदयाच्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय विवेकवादी विचारांच्या, त्याच परंपरेतला. हा फ्रेंच गणिती. १७८१ मध्ये त्याने टोपणनावाने गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलं. १७९० मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती ऐन भरात असताना, स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क का नाहीत, असा लेख लिहिला. बायकांना गरोदरपण असतं, अधूनमधून दुखणी असतात, म्हणून हक्क नकोत? मग दर हिवाळ्यात ज्यांना गाउट (सांधे सुजण्याचा आजार) होतो, चटकन सर्दी होते, त्या पुरुषांचे हक्क काढून घ्यायचं कुणाच्या मनातही का येत नाही, असं तो विचारतो. याहून नेमका सवाल मी त्या काळातल्या लेखनात वाचलेला नाही. पुढे तो म्हणतो की हक्क एकतर सगळ्यांना सारखे, नाहीतर कुणालाच नाहीत. धर्म, रंग किंवा लिंग पाहून जो दुसऱ्याचे हक्क नाकारतो, त्याने स्वतःचेही सोडले.

म्हणजे दिसत होतं. ज्याला पाहायचं होतं त्याला त्याही काळात दिसत होतं.

आणि ज्यांना वगळलं होतं त्यांना तर दिसतच होतं. फ्रेंच लेखिका ऑलँप द गूजने १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही हवा, हे त्यातलं कलम. १७९३ च्या नोव्हेंबरात तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. १७९२ मध्ये इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने रूसोला नाव घेऊन खोडून काढलं. हैती या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र करूनच ते थांबले.

जोतिराव फुल्यांनी याच परंपरेतल्या टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक तरुणपणी वाचलं. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. पुढे ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये हक्कांबद्दल लिहिताना ते ‘स्त्री-पुरुष’ असा दोघांचाही उल्लेख आवर्जून करतात. पश्चिमेचा विचार त्यांनी घेतला, पण त्यातली वगळावगळ घेतली नाही. मला जोतिरावांबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो इथे.

तेव्हा लॉक-रूसो वाचायचेच, पण एकटे नाहीत. काँदॉर्सेचा १७९० चा लेख अगदी छोटा आहे, इंग्रजीत मिळतो. मुलीला आधी तो वाचू द्या, मग ‘एमिल’चा पाचवा भाग आणि त्याला लागूनच वुलस्टनक्राफ्ट. परीक्षेत या विषयावर प्रश्न आला तर तिने हा राग पुराव्यानिशी उत्तरात मांडावा.